जैवपटल : जीवाणूंची वस्ती कशी वसते आणि परिस्थितीस कसा प्रतिसाद देते

प्रास्ताविक

औषधशाळेतील पाण्याच्या टाकीत आतून हात फिरविला असता लागणारा बुळबुळीत थर, सकाळी दात घासण्यापूर्वी जिभेला जाणवणारा दातांवरील चिकटा आणि आंबट झालेल्या आसवावर तरंगणारी जाड साय, या तीन गोष्टी आपल्या नित्य परिचयाच्या आहेत. त्यांचा परस्परांशी काही संबंध असेल असे सहसा मनात येत नाही. आधुनिक सूक्ष्मजीवशास्त्राच्या दृष्टीने मात्र या तिन्ही एकाच प्रकारच्या रचना आहेत. इंग्रजीत या रचनेस ‘बायोफिल्म’ म्हणतात. प्रस्तुत लेखात आम्ही तिच्यासाठी ‘जैवपटल’ ही संज्ञा योजीत आहोत.

या विषयाचा अभ्यास वैद्याने आणि औषधनिर्मात्याने का करावा, याची दोन कारणे आहेत. योग्य औषध देऊनही न भरणाऱ्या दीर्घकालीन व्रणामागे अनेकदा जैवपटल असते, हे पहिले कारण. द्रवकल्पाचा एक घाणा तपासणीत उत्तीर्ण व्हावा आणि त्याच पद्धतीने केलेला पुढचा घाणा अनुत्तीर्ण व्हावा, या कोड्याचे उत्तरही पुष्कळदा नळाच्या आतील भिंतीवर दडलेले असते, हे दुसरे.

कल्पनेचा इतिहास

हॉलंडमधील लेव्हेनहुक याने १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीस लिहिलेल्या पत्रात दातांवरील कीटणात हालचाल करणाऱ्या सूक्ष्म जीवांचे वर्णन केले. व्हिनेगरने चूळ भरली असता कीटणाच्या बाहेरच्या बाजूचे जीव मरतात, परंतु व्हिनेगर थराच्या आतपर्यंत पोहोचत नाही, हेही त्याच्या लक्षात आले होते. आजच्या जैवपटलशास्त्राचा एक मुख्य सिद्धांत या साध्या निरीक्षणात बीजरूपाने आहे.

पुढे एकोणिसाव्या शतकात शुद्ध संवर्धनाची पद्धत रूढ झाली. मांसरसात एकेकटे पोहणारे जीवाणू वाढवून त्यांचा अभ्यास होऊ लागला. या पद्धतीने रोगकारणांचे ज्ञान मोठ्या प्रमाणात झाले, हे निर्विवाद आहे. परंतु जीवाणू म्हणजे सुटा पोहणारा जीव, अशी समजूतही तिच्यामुळेच दृढ झाली. हेन्रिची याने १९३३ साली तळ्याच्या पाण्यात काचपट्ट्या बुडवून त्यांवर चिकटून वाढणारे जीवाणू दाखविले. झोबेल याने १९४३ साली समुद्रातील जीवाणूंच्या जीवनात घन पृष्ठभागाचे महत्त्व प्रतिपादिले. १९७८ साली कॉस्टर्टन व त्याच्या सहकाऱ्यांनी निसर्गातील बहुसंख्य जीवाणू पृष्ठभागांना चिकटून, स्वतः निर्माण केलेल्या आवरणात समूहाने राहतात, असा व्यापक विचार मांडला. १९९९ साली त्याच गटाने चिवट, पुनःपुन्हा उद्भवणाऱ्या संसर्गांमागे ही समूहावस्था असते, हे सविस्तर स्पष्ट केले.

निर्मितीच्या अवस्था

अभ्यासाच्या सोयीसाठी जैवपटलाच्या निर्मितीच्या पाच अवस्था मानतात.

पहिली अवस्था पृष्ठभाग-संस्काराची. कोणताही स्वच्छ पृष्ठभाग द्रवात बुडताच त्यावर द्रवातील प्रथिने, शर्करा इत्यादी द्रव्यांचा अतिसूक्ष्म लेप बसतो. दातावर लाळेतील प्रथिनांचा, मूत्रनलिकेवर मूत्रातील द्रव्यांचा आणि क्वाथ वाहून नेणाऱ्या नळीत क्वाथातील घन अंशाचा लेप बसतो. जीवाणू प्रत्यक्षात या लेपाला चिकटतात.

दुसरी अवस्था अस्थिर संलग्नतेची. जीवाणू पृष्ठभागाजवळ येतो, टेकतो आणि पुन्हा सुटूही शकतो. या वेळी साध्या धुण्याने तो निघून जातो.

तिसरी अवस्था स्थिर संलग्नतेची. केसांसारख्या प्रथिनतंतूंनी आणि चिकट द्रव्यांनी जीवाणू स्वतःस पृष्ठभागाशी बांधून घेतो. पोहण्याचे साधन असलेला कशाभ त्याला आता अनावश्यक ठरतो आणि त्याची निर्मिती मंदावते.

चौथी अवस्था परिपक्वतेची. चिकटलेल्या जीवाणूंचे विभाजन होऊन सूक्ष्म वसाहती बनतात आणि त्यांभोवती एक ओलसर आधारद्रव्य तयार होते. त्यात बहुशर्करा, प्रथिने, स्निग्ध द्रव्ये आणि जीवाणूंच्या बाहेर पडलेले डीएनए असते. बाह्य डीएनए हा केवळ मृत पेशींचा कचरा नसून बांधणीचा आवश्यक घटक आहे, हे २००२ साली स्यूडोमोनास एरुजिनोसा या जीवाणूवरील प्रयोगांनी दिसून आले. आधारद्रव्याचा फार मोठा भाग पाण्याचाच असतो. वसाहतींच्या मधून पाण्याचे मार्ग राहतात आणि त्यांतून आतील जीवाणूंना पोषण मिळते.

पाचवी अवस्था विसर्जनाची. काही जीवाणू आधारद्रव्य विरघळवून पुन्हा पोहते होतात आणि नवी जागा शोधतात. प्रवाहाच्या ओढीने पटलाचे तुकडे तुटूनही पुढे जातात.

ही मांडणी शिकविण्यास सोयीची असली तरी तिला अंतिम समजू नये. फुप्फुसातील चिकट कफात किंवा व्रणाच्या ऊतीत कोणत्याही कठीण पृष्ठभागाला न चिकटताही जीवाणूंचे पुंजके जैवपटलासारखे वागतात. म्हणून २०२२ साली या क्षेत्रातील संशोधकांनी पुंजकेनिर्मिती, वाढ आणि विघटन असे अधिक व्यापक प्रतिमान पुढे ठेवले. चिकित्सकासाठी याचा अर्थ असा की शरीरात कृत्रिम वस्तू बसविलेली नसली तरी जैवपटलाची शक्यता उरतेच.

परिस्थितीचे ज्ञान व प्रतिसाद

जीवाणूस मन नाही. परंतु बाह्य परिस्थितीतील बदल ओळखून त्यानुसार आचरण बदलण्याची रासायनिक यंत्रणा त्याच्यात आहे. तिचे दोन भाग विशेष लक्षात ठेवावेत.

पहिला भाग पेशीच्या आतील संदेशाचा. सायक्लिक-डाय-जीएमपी नावाचा एक लहान रेणू अनेक जीवाणूंत असतो. त्याचे प्रमाण वाढले की पोहणे थांबते आणि आधारद्रव्य तयार होऊ लागते. ते उतरले की जीवाणू विसर्जनाकडे वळतो. या रेणूचा शोध १९८७ साली लागला आणि तोही रोगजंतूत नव्हे, तर त्या वेळी असिटोबॅक्टर झायलिनम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जीवाणूत, म्हणजे आसव आंबट करणाऱ्या कुलातील जीवाणूत. या गोष्टीकडे आपण पुढे पुन्हा वळू.

दुसरा भाग पेशी-पेशींमधील संदेशाचा. प्रत्येक जीवाणू एक रासायनिक संकेत बाहेर सोडतो. संख्या थोडी असेल तर तो पाण्यात विरून जातो. दाटी झाली की त्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे जाते आणि सर्व जीवाणू एकाच वेळी आपले वर्तन बदलतात. १९७० च्या सुमारास समुद्रातील प्रकाश देणाऱ्या जीवाणूंत ही घटना स्पष्ट झाली. सभेची गणसंख्या पूर्ण झाल्याखेरीज ठराव होत नाही, या उपमेवरून १९९४ साली तिला ‘कोरम सेन्सिंग’ हे नाव मिळाले. १९९८ साली स्यूडोमोनासचा संकेत निर्माण करू न शकणारा एक प्रकार तपासला असता त्याचे पटल सपाट झाले आणि साबणासारख्या द्रव्याने सहज सुटे झाले.

आता परिस्थितीतील प्रत्यक्ष घटक पाहू. प्रवाह मंद असेल तर पटल उंच व सैल वाढते. प्रवाह वेगवान असेल तर ते पातळ, परंतु घट्ट व चिवट होते. म्हणून नळातून पाणी जोरात वाहते एवढ्यावरून तो आतून स्वच्छ आहे, असे अनुमान काढता येत नाही. लोह हा दुसरा घटक. अश्रू, लाळ इत्यादींत असणारे लॅक्टोफेरिन हे प्रथिन लोह बांधून ठेवते. लोह न मिळाल्यास स्यूडोमोनास एका जागी स्थिर न होता भटकत राहतो आणि वसाहत वसत नाही, असे २००२ साली प्रयोगांत दिसले. शरीराची नैसर्गिक संरक्षणव्यवस्था जंतूस केवळ मारते असे नसून त्याला वसू न देण्याचेही काम करते, हे यावरून ध्यानात येते.

सर्वांत विचार करण्यासारखा प्रतिसाद प्रतिजैविकाविषयीचा आहे. अमिनोग्लायकोसाइड वर्गातील औषध जीवाणूस मारण्यास पुरेसे नसलेल्या अल्प मात्रेत मिळाले तर स्यूडोमोनास आणि इश्चेरिचिया कोलाय हे अधिक पटल निर्माण करतात, हे २००५ साली दाखविण्यात आले. अपुरी मात्रा निरुपयोगी तर असतेच, पण कधी ती शत्रूस तटबंदी बांधावयास लावते. मात्रा व काल यांचे जे महत्त्व आपण भैषज्यविचारात मानतो, त्याचे हे एक ठळक उदाहरण होय.

औषध निष्प्रभ का ठरते

पटलातील जीवाणू सुट्या जीवाणूंपेक्षा प्रतिजैविकास दहापट ते हजारपट अधिक दाद देत नाहीत, असे सामान्यतः मानले जाते. क्लोरिनच्या बाबतीत १९८८ सालच्या प्रयोगांत पृष्ठभागाला चिकटलेल्या जीवाणूंची सहनशक्ती हायपोक्लोरस आम्लाविरुद्ध १५० पटींपासून ३००० पटींहून अधिक आढळली.

याची कारणे चार. काही द्रव्ये आधारद्रव्यातच अडतात किंवा तेथेच खर्ची पडतात. क्लोरिन हे याचे उदाहरण. पटलाच्या खोल भागात प्राणवायू व पोषण कमी असल्यामुळे तेथील जीवाणूंची वाढ मंद असते आणि वाढत्या पेशींवर आघात करणारी औषधे त्यांच्यावर चालत नाहीत. काही थोडे जीवाणू पूर्ण सुप्तावस्थेत जातात. पेनिसिलिन दिल्यावरही उरणाऱ्या अशा पेशींचे वर्णन बिगर याने १९४४ सालीच केले होते. शेवटचे कारण असे की दाट वस्तीत प्रतिकाराचे गुणसूत्रखंड एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जाणे सुलभ होते.

पहिल्या तीन कारणांनी आलेली सहनशक्ती समूहावस्थेची असते, वंशगत नसते. पटल मोडून जीवाणू सुटे झाले की ते पुन्हा औषधास दाद देतात. म्हणून ‘आधी मोडणे, मग मारणे’ हा क्रम महत्त्वाचा ठरतो.

चिकित्सालयातील बोध

दात. लाळेच्या लेपावर प्रथम काही स्ट्रेप्टोकोकस जातीचे जीवाणू बसतात आणि नंतर इतर येतात. स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स साखरेपासून चिकट ग्लुकान बनवून पटल घट्ट करतो आणि आम्लही निर्माण करतो. आम्लता सामू ५.५ च्या खाली गेली की दंतवल्कातील खनिज झिजू लागते. चूळ भरण्याच्या औषधाने घर्षणाचे काम भागत नाही. दिनचर्येत सांगितलेल्या दंतधावनात कुंचल्याप्रमाणे चघळलेल्या काडीचे घर्षण आणि कटु, तिक्त, कषाय रस असे दोन्ही भाग आहेत. त्यांतील घर्षणाचा भाग गौण मानू नये.

व्रण. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५० जीर्ण व्रणांपैकी ३० व्रणांत जैवपटल आढळले, तर १६ सद्योव्रणांपैकी केवळ एकात. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात व्रणाचे साठ उपक्रम वर्णिले आहेत. त्यांत छेदन व लेखन आहेत, शोधन व रोपण आहेत आणि शोधनानंतर रोपण हा क्रम आपणा सर्वांस परिचित आहे. मृत ऊती व चिकट थर काढल्याविना रोपण तैलाचा उपयोग मर्यादित राहतो, हा अनुभव आजच्या ज्ञानाशी जुळतो. थर खरवडल्यानंतर सुमारे पहिले चोवीस तास उरलेले जीवाणू औषधास अधिक दाद देतात. त्यानंतर पटल पुन्हा परिपक्व होऊ लागते. म्हणून लेखनानंतरचे शोधन द्रव्य त्याच बैठकीत लावावे, दुसऱ्या दिवसावर टाकू नये.

येथे एक सावधगिरी आम्ही आवर्जून सांगू इच्छितो. सुश्रुताचार्यांना जैवपटल ठाऊक होते असे म्हणणे योग्य नाही. त्यांनी निरीक्षणाने उपचाराचा क्रम निश्चित केला, आणि त्या क्रमाचे एक कारण आज सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. एवढेच म्हणणे प्रामाणिकपणाचे आहे आणि ते पुरेसे गौरवास्पदही आहे.

मधुमेही रुग्णाच्या पायावरील व्रणात रक्तपुरवठा, रक्तशर्करा आणि अस्थीपर्यंत गेलेला संसर्ग यांचा विचार प्रथम करावा. हाड हाताला लागत असेल, पाय काळवंडत असेल किंवा ज्वर असेल तर रुग्णास विलंब न लावता शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. कृत्रिम सांधा, हृदयाची झडप किंवा दीर्घकाळ ठेवलेली मूत्रनलिका असलेल्या रुग्णातील वारंवार येणाऱ्या ज्वरासही हाच नियम लागू आहे. मूत्रनलिकेत प्रोटियस मिराबिलिस हा जीवाणू युरियाचे विघटन करून मूत्र क्षारीय करतो. त्यामुळे पटलात स्फटिक साचून नलिका बंद पडते. अशा वेळी नलिका बदलणे हाच उपचाराचा पहिला भाग असतो.

औषधशाळेतील बोध

२००० साली अधिसूचित झालेल्या शेड्यूल ‘टी’मध्ये औषधनिर्मितीसाठी वापरावयाचे पाणी शुद्ध व पिण्यायोग्य असावे, असे म्हटले आहे. टाकीत येणारे पाणी तसे असते. नळातून पातेल्यात पडणारे पाणीही तसेच आहे काय, हा प्रश्न आपण विचारीत नाही.

२०१६ साली अमेरिकेत बद्धकोष्ठतेवरील डोक्युसेट या पोटात घेण्याच्या द्रव औषधातून बर्कहोल्डेरिया सेपासिया या जीवाणूचा संसर्ग अनेक राज्यांतील रुग्णांस झाला. औषधाच्या अनेक घाण्यांत आणि कारखान्याच्या पाण्याच्या यंत्रणेतही तो जीवाणू सापडला. आधुनिक यंत्रसामग्री असलेल्या ठिकाणी असे घडू शकते, तर लहान औषधशाळेने गाफील राहून चालणार नाही.

पाण्याच्या तपासणीत सुटे जीवाणू मोजले जातात. भिंतीवरचे पटल मोजले जात नाही. पटलातून तुकडे अनियमितपणे सुटतात. म्हणून सोमवारचा अहवाल उत्तम आणि गुरुवारचा वाईट येऊ शकतो. असा चढउतार प्रयोगशाळेच्या माथी मारण्यापूर्वी आपली नळवाहिनी तपासावी. पुढील गोष्टी व्यवहारात आणण्यासारख्या आहेत.

१. वापरात नसलेल्या नळशाखा काढून टाकाव्यात. मुख्य वाहिनीपासून निघणाऱ्या शाखेची लांबी तिच्या व्यासाच्या तीन पटींहून अधिक नसावी, असा संकेत आहे. साचलेल्या पाण्याची अशी कोपरी ही जीवाणूंची माहेरघरे होत.

२. कार्बन गाळणी व मृदुकरणाची रेझिन टाकी यांकडे विशेष लक्ष द्यावे. कार्बन क्लोरिन काढून घेतो. त्यामुळे त्याच्या पुढचे पाणी निःसंरक्षण असते. आरओ यंत्राच्या नेहमीच्या पडद्यास क्लोरिन चालत नाही, म्हणून ते आधी काढावेच लागते. तेथून पुढच्या पाण्याचा साठा शक्य तितका अल्पकाळ ठेवावा.

३. टाकी व भांडी आधी घासावीत, मग साबणद्रव्याने धुवावीत, स्वच्छ पाण्याने काढावीत आणि शेवटी जंतुनाशक वापरावे. थेट जंतुनाशक ओतल्याने वरचा थर मरतो आणि मृत थर पुढील वस्तीचा पाया बनतो.

४. पाणी फिरते ठेवण्याची सोय असल्यास ८० अंश सेल्सिअसच्या आसपासचे उष्ण पाणी हा पटल रोखण्याचा भरवशाचा उपाय आहे.

५. रबरी नळ्या जमिनीवर गुंडाळून ठेवू नयेत. दोन्ही तोंडे खाली राहतील अशा टांगून पूर्ण वाळवाव्यात. कोरड्या पृष्ठभागावर जीवाणू वाढत नाहीत.

६. पाण्याचा नमुना टाकीतून नव्हे, तर प्रत्यक्ष वापराच्या तोटीतून घ्यावा.

आता संधानकल्पनेविषयी. आसव-अरिष्टाच्या पृष्ठभागावर येणारी साय कधी किण्वाची, तर कधी असिटिक जीवाणूंची असते. दुसऱ्या प्रकारातील काही जीवाणू सेल्युलोजचे धागे विणून तरंगता पडदा तयार करतात. मद्याचे आम्ल करण्यास त्यांना प्राणवायू लागतो, आणि पडद्यामुळे ते हवेच्या सान्निध्यात राहतात. सेल्युलोज विणण्याचा आदेश देणारा रेणू म्हणजेच वर उल्लेखिलेला सायक्लिक-डाय-जीएमपी. यावरून उपाय सुचतो. संधान पूर्ण होताच द्रव गाळून पात्र काठोकाठ भरावे व तोंड घट्ट बंद करावे. पात्राचे धूपन, आतून घृतलेप आणि संधिबंधन हे विधी ग्रंथोक्त आहेत. त्यांपैकी संधिबंधन हवेचा शिरकाव थेट रोखते. ज्या पात्रात एकदा शुक्त झाले, त्याच्या लाकडाच्या किंवा मातीच्या छिद्रांत तो जीवाणू टिकून राहतो, म्हणून ते पात्र पुन्हा संधानासाठी वापरू नये.

गाळण्याच्या क्रियेचेही मोल कमी लेखू नये. पटकीचा जीवाणू पाण्यातील सूक्ष्म प्राण्यांच्या अंगावर चिकटून राहतो. बांगलादेशातील ६५ खेड्यांत जुन्या साडीच्या अनेक पदरी घडीतून पाणी गाळून पिण्याचा प्रयोग केला असता पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. सुटा जीवाणू साडीतून सहज निघून जातो. ज्यावर तो वसला आहे, तो प्राणी मात्र अडतो.

वनस्पतींविषयीचे दावे

हरिद्रा, लशुन, मधु इत्यादी द्रव्ये जैवपटल रोखतात, असे प्रयोगशाळेतील अनेक अभ्यास आहेत. लशुनातील अजोइन हा घटक जीवाणूंच्या संकेतव्यवस्थेत अडथळा आणतो, हे २०१२ साली दाखविले गेले. या बातम्यांनी हर्ष होणे स्वाभाविक आहे. परंतु सिस्टिक फायब्रोसिसच्या २६ रुग्णांवर लशुन तेलाची जी लहान यादृच्छिक चाचणी झाली आणि २०१० साली प्रसिद्ध झाली, तीत लक्षणीय लाभ आढळला नाही. काचपात्रातील मात्रा व रुग्णाच्या धातूंपर्यंत पोहोचणारी मात्रा यांत अंतर असते. हरिद्रेतील कुर्कुमिन तोंडावाटे दिल्यास अल्पच शोषले जाते, हेही सर्वमान्य आहे. बाह्योपचारात हे अंतर कमी होते. म्हणून व्रणलेप, गंडूष, दंतमंजन या क्षेत्रांत आपल्या द्रव्यांचे पद्धतशीर अभ्यास अधिक फलदायी ठरण्याचा संभव आहे.

काचपात्रातील निष्कर्षाच्या बळावर वेष्टनावर ‘जैवपटलनाशक’ असे छापणे रुग्णाची दिशाभूल करणारे आहे. त्या विश्वासाने मधुमेही रुग्ण आणखी पंधरा दिवस घरीच थांबला, तर त्याचे मोल त्याला पायाने चुकवावे लागेल.

सारांश

जैवपटल ही जीवाणूंची अपघाताने झालेली गर्दी नसून परिस्थिती ओळखून बदलणारी वस्ती आहे. तिच्यावर विजय मिळविण्याचा क्रम आधी वसू न देणे, वसल्यास मोडणे आणि मोडताच योग्य मात्रेत औषध देणे असा आहे. हा क्रम व्रणास, दातास आणि औषधशाळेच्या नळास सारखाच लागू पडतो.

स्वाध्याय

१. आपल्या चिकित्सालयातील तीन महिन्यांहून जुन्या व्रणांची नोंद काढून प्रत्येकात लेखन केव्हा झाले व त्यानंतर किती वेळाने शोधन द्रव्य लावले, ते लिहावे.

२. आपल्या औषधशाळेतील पाण्याच्या मार्गाचा आराखडा काढून त्यातील साचलेल्या पाण्याच्या जागा लाल शाईने दर्शवाव्यात.

३. मागील वर्षी आंबट झालेल्या प्रत्येक संधानाचे पात्र कोणते होते, ते पडताळावे. एकच पात्र पुनःपुन्हा आढळल्यास ते वापरातून काढावे.